डॉक्टरांनी सांगितलेला रस्सा

आमचे घरमालक नव्या माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, तोंडात बघत.

म्हसा गावच्या वाटेवरच्या एका खेड्यात लोकलबोर्डाच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हाची गोष्ट. माझी ट्रंक अजून बैलगाडीतच होती. मी ओसरीच्या पायरीशी उभा राहून नमस्कार केला, तर नमस्कार घ्यायचा सोडून ते म्हणाले, "मास्तर, आ करा बगू." मला वाटलं, गावात घशाची साथ असेल. मी आ केला. त्यांनी अंगठ्याने माझा खालचा ओठ ओढला, माझं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि आत बायकोला ओरडून सांगितलं, "गो, ठेवायला हरकत नाय. गरीब हाय." एवढ्यावर मला त्यांच्या पडवीतली खोली मिळाली.

सगळं गाव त्यांना बाबा म्हणे आणि त्यांच्या बायकोला बाय. घरची भातशेती होती, पण बाबांचा जीव होता म्हशाच्या जत्रेत. पौषात तिथे बैलांचा मोठा बाजार भरतो आणि त्या बाजारात बाबा दलाली करत. विकणारा सांगतो ते बैलाचं वय खोटं आणि बैलाचे दात सांगतात ते खरं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यामुळे माणसाच्या बाबतीतही ते त्याच्या बोलण्यावर फारसे विसंबत नसत. एकदा शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. त्यांनी मुलांना पाढे विचारले आणि ओसरीवर चहा घेताना कसल्याशा गोष्टीवर ते मोठ्याने हसले. बाबांनी तेवढ्यात बघून घेतलं. म्हणाले, "सायेब, तुमचे दात झिजलेत. आता बदलीबिदली घेऊ नका, नवीन पाणी सोसायचं नाय." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शिकवून ठेवलं होतं.

या दातांवरून बाबांनी एक शास्त्र काढलं होतं. माणसाच्या दोन जाती, एक वाघाची आणि एक बैलाची. सुळे लांब असतील तो वाघाचा, त्याने मटण-मच्छी खावी. दात सपाट असतील तो बैलाचा, त्याने दाणा-पाला खावा. उलट केलं की पोट बिघडणार. स्वतः बाबा अर्थातच वाघाचे. सुळा दाखवायचा म्हणून ते ओठ वर करत तेव्हा लहान पोरं पळून जात. माझ्याबद्दल त्यांचं मत असं होतं, "मास्तर बैलाचे. त्यात पण कुणी इकत घेणार नाय आसल्या बैलाचे."

दुसरी खोड रुमालाची. जत्रेत भाव बोलून ठरवत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकून आत बोटं दाबतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. बाबा घरीसुद्धा तसंच करत. पाहुणे बसलेले असले की बायच्या हातावर खांद्यावरचा पंचा टाकून आणखी भाकऱ्या किती आहेत ते विचारून घेत. बाय पंच्याखालून बोटं दाबून उत्तर देई आणि वर तोंडाने पाहुण्यांना म्हणे, "जेवा हो पोटभर."

बाबांचं खाणं मात्र उघड्यावर चाले. बाजाराच्या दिवशी मटण आलं की ते जेवत नसत, सण साजरा करत. नळीचं हाड आपटून, फुंकून, चोखून ते असा आवाज काढत की भिंतीपलीकडे मी माझा गिचका भात ताकाबरोबर गिळताना थांबून जाई. त्या काळी माझ्यासारख्या ब्राह्मण मास्तराने आपलं आपणच शिजवायचं, अशी रीत होती. मी शिजवत असे. कधी खाली लागलेलं, कधी वर कच्चं, आणि एकाच पातेल्यात दोन्ही साधण्याची कलाही मला अवगत झाली होती. माझी आई शहापुरास एकटी असे. विधवा बाई, सोवळं कडक. "बाहेरचं काही खाऊ नकोस," एवढंच ती प्रत्येक पत्रात लिही आणि मी आज्ञाधारकपणे घरचं खाऊन वाळत चाललो होतो.

त्या पावसाळ्यात मला हिवताप आला. उतरला आणि परत आला. आषाढ संपेपर्यंत माझा कोट खुंटीला जसा दिसे तसाच माझ्या अंगावर दिसू लागला. त्यातच नोकरी कायम व्हायची वेळ आली होती आणि तिला डॉक्टरांचा दाखला हवा होता. बाबांनी गाडी जुंपली आणि मला मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती ठोकली, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "असा दाखला मी देणार नाही. अंगात रक्तच नाही. हे असंच चाललं तर क्षयाला वेळ लागायचा नाही. हिवतापावर कोयनेल घ्या, आणि रोज मटणाचा रस्सा प्या. पौषात परत या. वजन वाढलं तर सही करतो."

मी म्हणालो, "आमच्यात चालत नाही."

"मग तुमच्यात काय चालतं, मरण?" डॉक्टर म्हणाले.

बाबा इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, डॉक्टरांच्या हातावर पंचा टाकला आणि आत हात घालून हळूच म्हणाले, "खरं काय ते बोटांवर सांगा. ह्यांना कळायचं नाय." डॉक्टरांनी विंचू चावल्यासारखा हात काढून घेतला. परतीच्या वाटेवर बाबा बैलांशी बोलले, माझ्याशी नाही. गाव जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "डॉक्टर शिकलेला माणूस. दातांचं त्याला काय ठावं. पण जीव तुमचा हाय मास्तर, काय करायचं ते तुमी बोला."

आता माझं शौर्य सांगतो. ट्रेनिंग कॉलेजात असताना मी सहभोजनाच्या बाजूने भाषण केलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. 'धर्म पोटात नसतो,' हे माझं वाक्य होतं. तोच मी आता रात्रभर तळमळलो आणि सकाळी बायला सांगितलं की डॉक्टर म्हणतात तसं करा. बायने मान हलवली. मग मी दिवसभर देवांपुढे बसून राहिलो. रामरक्षा म्हटली, चुकली म्हणून पुन्हा म्हटली. संध्याकाळी बाय काशाच्या वाटीत काळपट, तिखट वासाचा, वाफाळता रस्सा घेऊन आली. मी आईची मनात क्षमा मागितली, नाक दाबलं, डोळे मिटले आणि प्यालो. डोळ्यांतून पाणी आलं ते पापामुळे की मिरचीमुळे हे मला आजही सांगता यायचं नाही. परक्या चुलीवरचं शिजलेलं खाल्लं हा दुसरा अधर्म तर मटणाच्या धास्तीत माझ्या लक्षातही आला नाही.

दुसऱ्या दिवशी नाक दाबलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वाटी पुसून घेतली. पुढे पुढे शाळा सुटायच्या सुमाराला मला त्या वासाची आठवण येऊ लागली. शरीर सुधारो न सुधारो, डोकं मात्र ताबडतोब सुधारलं. आपण आपल्या कुळातले पहिले बंडखोर, असं मला वाटायला लागलं. मी चालताना छाती काढू लागलो. एकदा रश्शात मऊ, चवदार तुकडे आले. मी चावून, विचार करून बायला सांगितलं, "हे काळीज असणार." बाय पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, ब्राह्मणाच्या तोंडून काळीज हा शब्द ऐकून तिला लाज वाटली.

शाळेच्या व्हरांड्यात शेतकरी टेकायला येत. त्यांना मी मांसाहारावर व्याख्यानं देऊ लागलो. मांसाने रक्त कसं वाढतं, साहेब लोक जगावर राज्य का करतात, पालेभाजीने बुद्धी कशी मंद होते. जन्मभर मांस खाणारी ती माणसं मान डोलवून ऐकत. कुणी हसलं नाही. एक म्हातारा फक्त इतकं म्हणाला, "मास्तर, तुमी एवढं सांगताव तर आमी पण चालू करू."

बाबा मात्र त्याच सुमारास मांस खाईनासे झाले. श्रावणात कुणीच खात नव्हतं, ते ठीक. पण श्रावण सरला, गणपती गेले, बाजाराच्या दिवशी शेजारच्या घरांतून फोडणीचा वास येऊ लागला, आणि बाबा आपले चवळीच्या पाल्याबरोबर भाकरी खात बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, "दात हालतात." मला त्यांची कीव आली. मी त्यांना समजावलं, "बाबा, या वयात रस्सा तरी घेत जा. माझ्याकडे बघा." ते माझ्याकडे बघत. फार बारकाईने बघत, गालांकडे, मनगटांकडे. मग म्हणत, "तुमाला लागतंय ना अंगाला? मंग झालं."

दिवाळी आली. शहापूर काही लांब नव्हतं, किन्हवलीवरून गाडीने एका दिवसाची वाट. मी गेलो नाही. रक्तामांसाची व्याख्यानं देणारा वाघ आईच्या देवघराच्या उंबऱ्याशी जायला घाबरला. तिने ओवाळायला पाट मांडला की मी काय करायचं? न सांगता बसलो तर तिचं सोवळं मोडणार, सांगितलं तर तिचं मन. शाळेचं काम आहे, असं मी तिला कळवून टाकलं. तिने इकडे येणाऱ्या एका गाडीवानाबरोबर करंज्यांचा डबा पाठवला. तो उघडून मी खोलीत बसून राहिलो.

बाबा दारात आले. "आईकडं कायला नाय गेले?"

मी सांगितलं. बाबा उंबऱ्यावर बसले. आतून बाय म्हणाली, "अवो, सांगा ना." बाबा एकदम खेकसले, "तू गप. पौष होऊ दे." मला वाटलं, त्यांच्या घरातला काहीतरी तंटा आहे. मी त्यांना करंजी दिली. त्यांनी ती हातात धरली, पण खाल्ली नाही.

पौषात, जत्रेच्या थोडं आधी, मी एकटाच मुरबाडला गेलो. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, काटा पाहिला, परत पाहिला, आणि कंपाउंडरला हाक मारून मला दाखवलं. "हे बघ. मटणाचा गुण बघ. रस्सा प्यायला म्हणून हा माणूस उभा आहे." सही झाली. कायम झालो. बाहेर आलो तो मला बाबांसाठी काहीतरी न्यावंसं वाटू लागलं. धोतर न्यावं, की टोपी? मग सुचलं, त्या माणसाने मला वाघ केलं आणि स्वतः दातांपायी पाला खातोय, त्याला कोंबडाच न्यावा, कोवळा, चावायला सोपा. कोंबडा कसा घेतात हे मला माहीत नव्हतं. बाजारातल्या बाईने ज्याला 'कवळा' म्हटलं तो घेतला. कोंबडा काखेत, दाखला खिशात, अशी माझी स्वारी वाटेने निघाली. त्याने सारी वाट माझ्या कोटावर आपलं मत व्यक्त केलं.

दुपार उतरली होती. बाय अंगणात भात पाखडत होती. मी लांबूनच दाखला हलवला आणि कोंबडा पुढे धरला. "बाबांना! आता तरी खायला सांगा."

बायने सूप खाली ठेवलं. कोंबड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसता हसता रडायलाच लागली. "खातील हो मास्तर, आता खातील. सुटले ते."

"कशातून सुटले?"

"नवसातून. तुमचं वजन होईस्तवर कोंबडं-बकरं तोंडात घालणार नाय, आसं म्हशाच्या देवाला बोललेले ते."

मी म्हणालो, "मला मटण खायला घालून स्वतः सोडलं? कशासाठी?"

"तुमी कवा खाल्लात मटण?" बाय म्हणाली. "कुळीथ प्यालात तुमी. रोज कुळथाचं कढण. मसाला आमचा मटणाचा, म्हणून तुमाला वळखू नाय आलं."

"आणि ते काळीज?"

"आळंबी. रानातली."

मी तिथेच पायरीवर बसलो. श्रावणात सगळ्या गावात एक कोंबडं कापलं जात नव्हतं आणि माझ्यासाठी रोज रस्सा कुठून येत होता, हा प्रश्न सगळ्या गावाला हिशेब शिकवणाऱ्या मास्तराला पडला नव्हता. दारात कधी हाड दिसलं नाही. कुत्रं फिरकलं नाही. आणि मी व्हरांड्यात बसून कुळथाच्या जोरावर साहेबांच्या राज्याची कारणं सांगत होतो, ती सगळ्या गावाने गंभीरपणे ऐकून घेतली होती. माझं बंड, माझं पाप, माझी रामरक्षा, सगळं कुळथावर गेलं!

एवढ्यात बाबा शेतावरून आले. अंगणात कोंबडा, बायच्या डोळ्यांत पाणी, मास्तर पायरीवर. त्यांना समजलं. बायला म्हणाले, "ऱ्हावलं नाय ना तुला?" आणि खाली बसून पायांची माती झाडत राहिले.

"बाबा, तुम्ही मला फसवलंत," मी म्हणालो. रागाने म्हणायचं होतं, पण जमलं नाही.

"कोंबडी धरून ठेवली होती हो त्या दिवशी," बाबा म्हणाले. "बाय सुरी घेऊन उभी. नि तुमी सकाळपासून देवापुढं. डोळे गळतायत. मी बोललो, सोड तिला. रडत खाल्लेलं अंगी लागत नाय. बैल पण खात नाय तसा."

"मग तसं सांगायचं."

"नि तुमी पीत बसले असते कुळीथ? चार दिवसांत बोलले असते, गुण नाय, डॉक्टरनं मटण सांगितलंय. धीर सोडला असता." त्यांनी दुसरा पाय झाडायला घेतला. "पण रात्री झोप नाय यायची. डॉक्टर शिकलेला. त्याचं खरं नि माझं खोटं असलं, नि मास्तर गेला, तर त्या माऊलीला मी काय सांगू? म्हणून देवाला बोललो, माझं काय ते काढून घे."

माझ्या सख्ख्या नातेवाइकांत माझ्यासाठी कुणी सुपारीसुद्धा सोडली नव्हती. मी तसं त्यांना म्हणालो नाही. त्यांचे पाय धरले. ते घाईने मागे सरले आणि कोंबडा उचलून म्हणाले, "ह्यो कुणी दिला तुमाला कवळा म्हणून? ह्याचा आजा वाटतोय." तरी त्या संध्याकाळी त्यांनी तो खाल्ला. चावता येत नव्हता म्हणून चघळून खाल्ला, आणि हाड आपटायचा तो आवाज मी बऱ्याच महिन्यांनी, या वेळी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी जुंपली. म्हणाले, "दिवाळीचं माझं चुकलं. त्या माऊलीची दिवाळी मी खाल्ली. मीच सांगतो तिला." सोबत बायने कुळथाची पिशवी दिली.

शहापुरास आई दार उघडून बघतच राहिली. माझ्या गालावरून हात फिरवायला पुढे आली आणि बाबांना पाहून थबकली. बाबा ओसरीच्या कडेला बसले, आई आतल्या दाराआड उभी राहिली, आणि बाबांनी काहीही न वगळता सगळं सांगितलं. डॉक्टर, रस्सा, माझी रामरक्षा, कुळीथ, नवस. माझ्या व्याख्यानांचंही सांगितलं, ते वगळलं असतं तर चाललं असतं. आई हसेल असं मला वाटत होतं. ती हसली नाही.

मग तिने विचारलं, "मांस नव्हतंच? शपथ?"

मी म्हणालो, "शपथ, आई." तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ती बाबांच्या उत्तराची वाट बघत होती.

"म्हशाच्या देवाची आण, माऊली. थेंब नाय."

"याचे वडील असेच वाळत गेले," आई म्हणाली. हे ती माझ्याशीही कधी बोलली नव्हती. "वैद्यांनी बकऱ्याच्या पायाचं सूप सांगितलं होतं. ते घेणार होते. मी चूल अडवून उभी राहिले. म्हटलं, माझ्या घरात नाही. ते काही बोलले नाहीत. महिन्याभराने गेले. तेव्हापासून मी रोज..."

कुळथाबरोबर मी रोज कोयनेलही घेत होतो, हे सांगावं की नाही ते कळेना. सुदैवाने मी गप्प बसलो. बाबा उठून दाराकडे गेले, दोन पावलं लांबच थांबले. म्हणाले, "माऊली, ज्याचे दिस भरले त्याला मटणानं राखता येत नाय. नि ज्याचे नाय भरले तो कुळथावर उठतो. ह्यो बगा ना, उठला. तुमचं काय चुकलं नाय."

आई बाहेर आली. पदराने डोळे पुसले आणि कुळथाची पिशवी उचलली. "भाजून घ्यायचे की तसेच?" तिने बाबांना विचारलं.

त्या दुपारी तिने माजघरात तीन पानं एका रांगेत मांडली. मी ओसरीवरच बरा, असं बाबा म्हणाले, तिने ऐकलं नाही. मटणाचा मसाला अर्थात नव्हता, तिने जिरं-खोबरं घातलं होतं. बाबा ओरपून प्याले. आई दिवसातून एकदाच जेवायची आणि तेही चिमणीएवढं. वडील गेल्यापासून तिने पुन्हा वाढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिने आपलं पान निपटलं, आणि पळी उचलून स्वतःला परत वाढून घेतलं.